ऑक्टाव्हिया : जुने नाव व सामाईक जोते

मागील सत्रात इंग्रजीच्या तासास ‘ऑक्टोबर’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगत असता आम्ही म्हणालो की, लॅटिन भाषेत ‘ऑक्टो’ म्हणजे आठ. प्राचीन रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू होत असे, म्हणून हा महिना आठवा. पुढे वर्षारंभ जानेवारीत गेला व ऑक्टोबर दहावा झाला, परंतु नाव आठव्याचेच राहिले. हे ऐकून मागील बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग ऑक्टाव्हिया मोटार कोणाची आठवी?” त्याचे वडील शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी जुळविण्याच्या कामावर होते. आम्ही उत्तर देणार तोच दुसरा मुलगा म्हणाला, “ती खरी ऑक्टाव्हिया नव्हेच, सर. आतून ती गोल्फ आहे.” वर्गात हशा पिकला, पण पहिल्याचा चेहरा उतरला. आपल्या बापाने हातांनी जोडलेली वस्तू खोटी आहे, असे ऐकणे कोणास रुचेल? त्या दिवशी घंटा झाली व उत्तर राहून गेले. ते येथे देण्याचे योजिले आहे.

प्रथम जुन्या ऑक्टाव्हियाची हकीकत. आजच्या चेक प्रजासत्ताकात म्लादा बोलेस्लाव नावाचे गाव आहे. तेथे वाक्लाव लाउरिन व वाक्लाव क्लेमेंट या दोघांनी १८९५ साली सायकलींचा धंदा आरंभिला. पुढे मोटारसायकली आल्या आणि १९०५ साली त्यांची पहिली मोटार बाहेर पडली. १९२५ साली हा कारखाना प्लझेन येथील स्कोडा या मोठ्या उद्योगात विलीन झाला व स्कोडा हे नाव त्यास चिकटले. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना सरकारच्या ताब्यात गेला. १९५९ साली तेथे जी मोटार तयार झाली, ती युद्धोत्तर काळातील आठवी, म्हणून ऑक्टाव्हिया, असे सांगतात. तिचे एंजिन १०८९ घन सेंटिमीटरांचे, शक्ती सुमारे ४० अश्वांची. एंजिन पुढे, पण जोर मागील चाकांस. तिच्या मधोमध एक जाड पोलादी नळी पाठीच्या कण्याप्रमाणे जात असे, व त्या कण्यावर बाकीचे सारे शरीर उभे असे. १९६४ साली एंजिन पाठीमागे असलेली नवी गाडी आली, तेव्हा साधी ऑक्टाव्हिया बंद पडली. सामान वाहण्यासाठी लांब पाठीची जी जात होती, ती १९७१ पर्यंत टिकली. त्यानंतर पंचवीस वर्षे हे नाव पेटीत पडून होते.

१९८९ साली चेकोस्लोव्हाकियात राज्यव्यवस्था पालटली. आपला कारखाना स्वबळावर पश्चिमेकडील मोटारींपुढे टिकणार नाही, हे तेथील सरकारने ओळखले आणि १९९१ साली जर्मनीच्या फोक्सवॅगनशी भागीदारी केली. १९९६ साली म्लादा बोलेस्लाव येथूनच नवी ऑक्टाव्हिया बाहेर पडली. नाव जुने, पण ते कण्यासारखे नळकांडे गेले, आणि मागील चाकांचा जोर पुढील चाकांकडे आला.

आता त्या दुसऱ्या मुलाच्या बोलण्यातील तथ्य पाहू. मोटारीच्या धंद्यात ज्यास ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात, त्याचा रेल्वेच्या फलाटाशी काही संबंध नाही. आपल्याकडील घराचे जोते डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे कल्पना येते. मोटारीचा तळ, चाके जेथे अडकवावयाची त्या जागा, स्टिअरिंग, ब्रेक, एंजिन बसविण्याची बैठक, टक्कर झाल्यास धक्का सोसणारा पुढील पोलादी सांगाडा, एवढ्या गोष्टी मिळून हे जोते होते. ते तयार करण्यास वर्षे लागतात आणि अतोनात पैसा लागतो. कारण प्रत्येक सांधा मोजून, मोडून, पुन्हा जोडून पारखावा लागतो. एकदा जोते सिद्ध झाले की, त्यावर कोणी माडी चढवावी, कोणी ओटा वाढवावा. फोक्सवॅगनने एकाच जोत्यावर आउडी ए-३, गोल्फ, आउडी टीटी, न्यू बीटल व आपली ऑक्टाव्हिया अशी कितीतरी घरे उठविली. यांतील न्यू बीटल ही तर आणखी मौजेची. मूळ बीटलचे एंजिन पाठीमागे, वाऱ्याने थंड होणारे. नवीचे एंजिन पुढे, पाण्याने थंड होणारे. केवळ पाठीची गोलाई तेवढी आजोबांची.

घर वेगळे म्हणजे किती वेगळे, हे एका मापावरून दाखविता येईल. त्या वेळच्या गोल्फमध्ये पुढील व मागील चाकांतील अंतर २५११ मिलिमीटर होते, ऑक्टाव्हियात २५१२. म्हणजे जोते एकच, यात संशय नको. परंतु गोल्फची लांबी सव्वाचार मीटरांहून कमी व ऑक्टाव्हियाची साडेचार मीटर. ही जास्तीची लांबी सगळी मागील बाजूस गेली, आणि त्यामुळे गोल्फच्या डिकीत ३३० लिटर जागा असता ऑक्टाव्हियाच्या डिकीत ५२८ लिटर झाली. कुटुंबासह, सामानासह लांबच्या प्रवासास निघणाऱ्या गृहस्थासाठी बांधलेली ही गाडी होय. तिला आतून गोल्फ म्हणणे म्हणजे एका भट्टीच्या विटांनी बांधले म्हणून शाळेस व दवाखान्यास एकच इमारत म्हणण्यासारखे आहे.

ही ऑक्टाव्हिया २००१ साली आमच्या गावी आली. त्या काळी शहराचे नाव औरंगाबाद होते. चिकलठाण्याच्या पुढे, जालना रस्त्यावरील शेंद्र्याच्या वसाहतीत स्कोडाने कारखाना घातला. सुटे भाग युरोपातून पेट्यांत भरून येत व येथे जुळविले जात; कारण अखंड मोटार आयात केल्यास जकात फार, सुट्या भागांवर कमी. पुढे त्याच छपराखाली सुपर्ब, आउडी व पसाट याही जुळू लागल्या. सुपर्ब हे देखील १९३४ सालचे नाव असून १९४९ नंतर लुप्त झालेले; २००१ साली पसाटच्या वाढविलेल्या जोत्यावर ते पुन्हा उभे राहिले. एका अंगणात निरनिराळ्या आडनावांची भावंडे, असा तो प्रकार होता.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. चेक देशातील म्हाताऱ्या माणसास ऑक्टाव्हिया म्हणताच बापाची जुनी गाडी आठवे. आमच्या मराठवाड्यात असे आठवणारे कोण होते? येथे ते नाव कोरेच आले, आणि त्यास जी काही अब्रू मिळाली ती त्या मोटारीच्या दणकट बांध्याने व कमी डिझेल पिणाऱ्या एंजिनाने मिळाली. आमच्यापुरती तरी ती आजोबांच्या पुण्याईवर विकली गेली नाही.

तरीही प्रश्न उरतोच की, दुसऱ्याच्या जोत्यावरील गाडीने हे नाव घ्यावे काय? याकोबाने वडील भावाची वस्त्रे अंगावर चढवून आंधळ्या इसहाकाकडून आशीर्वाद मिळविला, ही कथा आमचे विद्यार्थी जाणतात. नवी ऑक्टाव्हिया म्हणजे तसलेच सोंग, असे काही टीकाकार म्हणतील. आमचे मत निराळे आहे. आम्हांस याकोबापेक्षा दत्तकाची रीत येथे अधिक लागू वाटते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि तिसरे सयाजीराव झाले. त्यापूर्वी दोन सयाजीराव होऊन गेले होते. पण राज्यात शाळा, ग्रंथालये उभी राहिली ती तिसऱ्यांच्या हातून, आणि हे नाव खोटे असे कोणी म्हटले नाही. दत्तकात लपवाछपवी नसते. ते चारचौघांत होते. ऑक्टाव्हियाचे जोते कोणाचे, हेही कोणी लपविले नाही. शिवाय ज्या गावी जुनी जन्मली त्याच गावी, त्याच कारखान्यात नवी जन्मली.

पण सर्वच दत्तकांविषयी आम्ही असे म्हणणार नाही. २०११ साली पुण्याजवळील चाकण येथून रॅपिड नावाची मोटार निघाली. हेही स्कोडाचे १९३० च्या दशकातील नाव. मात्र ही गाडी फोक्सवॅगनच्या व्हेंटोची जुळी बहीण होती. नाक व दिवे बदलले, बाकी दारे, छप्पर, बैठक जवळजवळ तीच. ऑक्टाव्हियाच्या डिकीत जसे स्वतःचे काही होते, तसे तिच्यात आम्हांस फारसे दिसले नाही. नाव घेतले, पण घर बांधले नाही, असे आम्ही म्हणू. गाडी चांगली नव्हती असा याचा अर्थ नव्हे.

सामाईकपणाचा एक धोकाही आहे. एकाच जोत्यावरील एका घरात ओल चढली तर ती सर्वांत चढते. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल एंजिनांत तपासणीच्या वेळीच धूर कमी दाखविणारी लबाडी उघडकीस आली, तेव्हा तीच एंजिने आउडी, स्कोडा, सीआट यांतही असल्याने जगभर सुमारे १ कोटी १० लाख मोटारींचा प्रश्न उभा राहिला. आपल्या देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. म्लादा बोलेस्लावच्या माणसांनी ती लबाडी योजिली नव्हती, तरी काळिमा त्यांच्या नावासही लागला. काटकसरीची ही किंमत हिशेबाच्या वहीत आधी लिहिलेली नसते.

नावाविषयी आमच्याच गावातील एक चमत्कार सांगावयाचा राहिला. युरोपात २००४ साली दुसरी नवी ऑक्टाव्हिया आली. पुढील वर्षी तीच शेंद्र्यात जुळू लागली. परंतु पहिली येथे अजून खपत होती, म्हणून नवीस ऑक्टाव्हिया म्हणता येईना. तिला भारतापुरते ‘लॉरा’ असे नाव दिले. म्हणजे काही वर्षे आमच्या येथे जुनी ती ऑक्टाव्हिया व खरी पुढची ऑक्टाव्हिया ती लॉरा! २०१३ साली तिसरी आली तेव्हा नाव पुन्हा ठिकाणावर आले. २०२३ साली, धुराचे नवे नियम लागू झाले त्या सुमारास, शेंद्र्यातील ऑक्टाव्हियाची जुळणी संपली. कोडियाक ही मोठी गाडी मात्र २०२५ सालीही तेथेच जुळत होती.

पुढील आठवड्यात आम्ही हे सर्व वर्गात सांगितले व फळ्यावर दोन आकृती काढल्या, एक कण्याची व एक जोत्याची. मागील बाकावरील विद्यार्थ्याने त्या वहीत उतरवून घेतल्या. वडिलांस दाखवावयाच्या आहेत, असे तो म्हणाला. मग त्याने हात वर करून विचारले, “सर, आणि लॉरा म्हणजे काय?”