तेलगळती आणि प्राणिप्लवकांचा हिशेब

ता. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. तेलाने माखलेला किनारा व तिवरे लोकांनी पाहिली. परंतु जी हानी डोळ्यांस दिसत नाही ती मोजावी कशी, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रसंगी उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्याची रीत शेकडेवारी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांच्याही आटोक्यातील आहे.

समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या लहान प्राण्यांस प्राणिप्लवक म्हणतात. कोपेपॉड हा त्यांतील एक प्रमुख गट होय. हे जीव बहुधा एक-दोन मिलिमीटर लांबीचे असून कोळंबीचे दूरचे नातलग आहेत. ते सूक्ष्म वनस्पती खातात आणि त्यांच्यावर बांगड्यासारखे मासे व अनेक माशांची पिले पोसली जातात. तेलातील काही द्रव्ये पाण्यात विरघळून या जीवांस विषारी ठरतात. तेलाचे बारीक थेंबही ते अन्नाबरोबर गिळतात. त्यामुळे काही मरतात, तर जगलेल्यांची अंडी घालण्याची शक्ती घटू शकते.

संख्येचा हिशेब ठेवण्याच्या या रीतीस ‘प्रतिमान’ म्हणतात. तिचे सूत्र साधे आहे : पूर्वीची संख्या, अधिक जन्म, उणे मृत्यू. समजा, १,००० कोपेपॉड आहेत; दर आठवड्यास हजारी ३०० जन्मतात व २०० मरतात. म्हणजे संख्या शेकडा १० ने वाढते. आता तेल आले. जन्म २०० व मृत्यू ४०० झाले. संख्या शेकडा २० ने घटू लागली. दोन आठवड्यांत १,००० चे ८०० व ८०० चे ६४० उरले. नंतर पाणी स्वच्छ झाले, तरी ६४० चे पुन्हा १,००० होण्यास पाच आठवडे लागतात. तेल आले नसते तर त्याच सात आठवड्यांत संख्या सुमारे १,९४९ झाली असती. खरा तोटा मोजावयाचा तो या संख्येशी तुलना करून.

यात आणखी एक मर्म आहे. मृत्यू २०० च राहिले, पण जन्म मुळीच झाले नाहीत, तरीही घट शेकडा २० च येते. म्हणजे पाण्यात मेलेले जीव अधिक दिसले नाहीत, एवढ्यावरून हानी झाली नाही असे म्हणता येत नाही. त्याच आठवड्यांत माशांची पिले अंड्यांतून बाहेर पडली, तर त्यांची उपासमार होते आणि तिचा परिणाम पुढे कोळ्याच्या जाळ्यात दिसू शकतो.

वरील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. शास्त्रज्ञ आपल्या प्रतिमानात अंडे, पिलू व प्रौढ यांचा हिशेब वेगळा मांडतात. प्रवाहाने बाहेरून येणारे जीव, पाण्याचे तापमान आणि अन्नाचा पुरवठाही धरतात. कोपेपॉडांची पिढी लवकर वाढते व बाहेरून भर पडते, म्हणून खुल्या समुद्रात त्यांची संख्या पुष्कळदा लवकर सावरते; बंदिस्त खाडीत मात्र तेल अधिक काळ रेंगाळू शकते.

शिक्षकांनी हा हिशेब वर्गात चिंचोके घेऊन करवून घ्यावा. १०० चिंचोक्यांनी आरंभ करून दर फेरीस भर व घट करावी, उरलेली संख्या फळ्यावर मांडावी आणि तिचा आलेख काढवून घ्यावा. तेलाचा काळ एका फेरीने वाढविल्यास पूर्वस्थिती येण्यास किती फेऱ्या अधिक लागतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून सांगावे.