डोळे भरून येतात ते कशाने?

चित्रपट पाहताना रडू येणे हा दुबळेपणा, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. मात्र नुसत्या दुःखाने माझे डोळे भरत नाहीत. दुःखापुढे माणूस काय करतो, हे पाहून ते भरतात.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) आठवा. कोकणातले आजोबा नातवाला, परशुरामला, डोळे दाखवायला पुण्यात आणतात. निदान होते डोळ्यांच्या कर्करोगाचे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, तेव्हा आजोबा कोणालाही न सांगता नातवाला घेऊन इस्पितळाबाहेर पडतात. दिसते आहे तोवर त्याला जग दाखवायला! अरुण नलावडे यांनी साकारलेल्या या आजोबांना नातवाचे नशीब बदलता येत नाही. एक दिवस मात्र देता येतो, आणि तो ते देतात. इथेच आपला कंठ दाटतो.

‘श्यामची आई’नंतर सुमारे ५० वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत आला, तो ‘श्वास’मुळे. दोन्हींत श्रीमंती आहे ती फक्त मायेची. अशा चित्रपटांना रडून बाहेर पडलेला माणूस घरच्यांशी जरा मऊ बोलतो. मला तेवढे पुरेसे वाटते.