कडप्पा ओट्याखाली कसा गेला

१९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये तिची महापालिका. १९९१च्या जनगणनेत इथली वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. घरटी चार-पाच माणसं धरली, तरी वीस वर्षांत स्वयंपाकघरांत लाखाहून जास्त नवे ओटे बांधले गेले. त्या ओट्यांवरचा दगड मात्र या गावचा नव्हता.

खरं तर दगडाला इथे तोटा नाही. या भागात काळा पाषाण भरपूर आहे. पाटा-वरवंटा त्याचाच, इमारतीच्या स्लॅबमधली खडीही त्याचीच. पण लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांमुळे त्यातून लांबरुंद सलग लादी सहसा निघत नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब पाहिले की हे ध्यानात येतं.

म्हणून आधी आला कडप्पा. आंध्रातल्या त्याच नावाच्या जिल्ह्यातला हा काळा चुनखडक. १८७१ मध्ये रायचूरला मुंबई आणि मद्रासकडचे रूळ जुळले. त्याच मार्गावर शहाबाद आहे आणि कडप्पाही. शहाबादी फरशी अंगणात आणि मोरीत गेली, कडप्पा ओट्यावर. तो स्वस्त पडण्याचं मुख्य कारण त्याच्या थरांत आहे. पहारीनं थर सोडवला की लादी तयार, करवतीचं काम फक्त कडांपुरतं. खोड एकच : चुनखडक असल्यानं आंबट सोसत नाही. आमसुलं, चिंचेचा कोळ, लिंबाची फोड जिथे पडेल तिथे पांढुरका डाग. मग तेलाचा हात फिरवायचा. संगमरवराचंही तेच दुखणं, शिवाय त्यावर हळदीचा डाग जन्मभर. पांढऱ्या संगमरवराचा ओटा ही हौस ज्यांच्या घरी फोडणी होत नाही त्यांनी करावी.

ग्रॅनाईट आंबटाला दाद देत नाही आणि सुरीलाही नाही. मग तो इतक्या उशिरा का आला? आवडनिवड बदलली म्हणून नव्हे. जो दगड सुरीला दाद देत नाही, तो करवतीलाही देत नाही. १९५४ मध्ये प्रयोगशाळेत हिरा तयार झाला, पुढे त्याची पाती आणि तारा स्वस्त झाल्या, तेव्हा कुठे ग्रॅनाईट साध्या घरांच्या आवाक्यात आला. आज खाणीत भोकं पाडून त्यांतून हिऱ्याचे मणी ओवलेली तार फिरवतात आणि ठोकळा सोडवतात. कारखान्यात त्याच्या अठरा-वीस मिलिमीटर जाडीच्या लाद्या पडतात, पॉलिश होते आणि ट्रकनं त्या हमरस्त्यालगतच्या दुकानांत येऊन घोडीवर उभ्या राहतात. प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा, सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी असा सुमारे हजार किलोमीटर प्रवास करून येतो. गंमत अशी की भूशास्त्राच्या हिशेबात तो ग्रॅनाईटच नव्हे. तो गॅब्रोच्या कुळातला, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा जवळचा भाऊबंद. फरक एवढाच की तो जमिनीत खोल, सावकाश थंड झाला.

कडप्पा हद्दपार झाला नाही. तो खाली गेला. आजही अनेक ओट्यांत उभ्या पट्ट्या आणि तळाची लादी कडप्प्याची असते, वर ग्रॅनाईट. भार सोसायचं काम त्याचं, मिरवायचं दुसऱ्याचं.

आता क्वार्ट्‌झचे कृत्रिम ओटे आले आहेत. त्यांत सिलिकाचं प्रमाण नव्वद टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. असे दगड कापणाऱ्या कामगारांना त्यांच्या धुळीनं सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होऊ लागल्यानं ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्यांवर बंदी घातली. ग्रॅनाईटच्या धुळीतही सिलिका असतेच. राजस्थाननं २०१९ मध्ये खाणकामगारांच्या या आजारासाठी स्वतंत्र धोरण केलं. आपल्याकडे मात्र सिंकचं भोक अजूनही बंद खोलीत, कोरड्या ग्राइंडरनं, तोंडाला रुमाल बांधून पाडलं जातं. रुमालानं ही बारीक धूळ अडत नाही.

नवा ओटा घालणार असाल, तर मापं आधी द्या, भोक आणि कडेची गोलाई दुकानातच पाणी सोडून करून घ्या. घरात कापावंच लागलं, तर कारागिराला पाण्याची बादली आणि चांगला मास्क तुम्हीच द्या.