परदेशी सेवेला निघण्यापूर्वी



परीक्षा संपल्या की आमच्या कार्यालयात शिफारसपत्र मागायला तरुण येऊ लागतात. पूर्वी बहुतेकांना नोकरीसाठी किंवा वसतिगृहातील प्रवेशासाठी पत्र हवे असे. अलीकडे दरवर्षी दोन-तीन जण परदेशात स्वयंसेवक म्हणून जाण्यासाठी पत्र मागतात. यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने सरळच सांगितले, "मला सेवा करायची आहे, पण खरं सांगू का, जगही पाहायचं आहे. काहीतरी धाडस करायचं आहे." हे कानावर गेल्यावर मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले. ही सेवा नव्हे, ही सहल, असे त्यांचे म्हणणे पडले.

मला तसे वाटत नाही. ईशज्ञानाच्या अभ्यासक्रमात आम्ही पाचारणाविषयी पुष्कळ शिकलो. पाचारण झालेल्या माणसाच्या मनात दुसरी कोणतीच इच्छा नसते, असे मात्र कोणी शिकवले नाही. तरुण माणसाला दूरचा प्रदेश खुणावतो, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. विचारायचे ते एवढेच, की त्याची तयारी किती आहे आणि तिथे पोचल्यावर तो कोणाच्या उपयोगी पडणार आहे. यासाठी आपल्याच मुलखातील काही माणसांकडे पाहू या.

सोलापूरचा डॉक्टर आणि नागपूरचा डॉक्टर

१९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. जखमी सैनिकांना डॉक्टर मिळेनात, तेव्हा चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले, लोकांनी निधी जमवला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. पथकाचे प्रमुख होते डॉ. अटल. त्यांच्यासोबत डॉ. बसू, डॉ. मुखर्जी, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर.

कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीत असलेले. चोळकर पन्नाशी उलटलेले, पथकात वयाने सर्वांत ज्येष्ठ. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने हे पाच जण मुंबईहून निघाले आणि कँटन बंदरात उतरले. तिथून युद्धाच्या धामधुमीत मजल दरमजल करीत फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचले. वाटेत चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडील वारल्याची बातमी मिळाली. परत जा, असे सहकाऱ्यांनी सांगितले. हाती घेतलेले काम सोडून ते परतले नाहीत.

पुढची गोष्ट अनेकांना १९४६ च्या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे माहीत आहे. चित्रपटातून न कळणारी एक गोष्ट मात्र तरुणांनी लक्षात घ्यावी. कोटणीस चिनी भाषा शिकले. नुसते "कुठे दुखते?" विचारण्यापुरती नव्हे, तर तिथल्या वैद्यकीय शाळेत चिनी भाषेत शिकवता येईल इतकी. शस्त्रक्रियेवर चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहायलाही त्यांनी घेतले होते. जानेवारी १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. तिथेच परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. बाळ चार महिन्यांचेही झाले नव्हते तेव्हा, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस वारले. वय अवघे ३२.

ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय, ते डॉ. नॉर्मन बेथून कॅनडाचे, एका प्रेस्बिटेरियन पाळकाचे चिरंजीव. विद्यार्थिदशेत त्यांनी अभ्यास वर्षभर थांबवला आणि ऑन्टारिओच्या जंगलातील लाकूडतोड्यांच्या तळावर गेले. दिवसा मजुरांबरोबर अंगमेहनत करायची आणि संध्याकाळी त्याच परदेशी मजुरांना लिहा-वाचायला शिकवायचे. धाडसाची हौस भागवण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही. पुढे चीनमध्ये शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, जखम चिघळली, रक्तात विष पसरले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला.

ही दोन मरणे मी तरुणांना घाबरवण्यासाठी सांगत नाही. जोखीम खरी असते आणि ती घरच्यांच्या वाट्यालाही येते, हे आधीच कळलेले बरे.

नागपुरात आलेला परदेशी तरुण

उलट दिशेचे उदाहरण आपल्या शहरात आहे. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरात आले, तेव्हा तेही २७ वर्षांचेच होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. हिस्लॉप कॉलेजला आज त्यांचेच नाव आहे. ते मराठी शिकले. गोंड लोकांमध्ये फिरून त्यांची भाषा, गीते आणि चालीरीती टिपून ठेवल्या. आपल्या मातीतले जीवाश्म आणि जुनी शिळावर्तुळेही त्यांनी अभ्यासली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या नाल्याला पूर आला होता, त्यात ते बुडाले. गोंडांविषयीची त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

हिस्लॉप, बेथून आणि कोटणीस यांच्यात समान काय? तिघांपाशी देण्याजोगे काहीतरी होते आणि ते देण्यासाठी तिघेही पुष्कळ काळ राहिले.

यजमान गावाच्या बाजूने

आमच्या कामामुळे मला ही गोष्ट दुसऱ्या बाजूनेही दिसते. मेळघाटातल्या कोरकू गावांत आणि भामरागडकडच्या माडिया गावांत बाहेरचे स्वयंसेवक येतात. त्यांतले चांगले पुष्कळ आहेत. पण दोन आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्यासाठी घरातली एकुलती खाट बाहेर निघते, पाण्याची एक खेप वाढते आणि दुभाष्या म्हणून आमच्या कार्यकर्त्याचा दिवस जातो. पाहुणा भिंत रंगवतो, मुलांबरोबर फोटो काढतो आणि जातो. तीच भिंत गावातल्या माणसाने मजुरीवर रंगवली असती. मुले मात्र महिनाभर विचारतात, ताई परत कधी येणार?

आपला तरुण उद्या केनिया किंवा कंबोडियातल्या गावात जाईल, तेव्हा तिथली खाट त्याच्यासाठी बाहेर निघणार आहे. हे त्याने मनात ठेवावे.

अनाथालयांच्या बाबतीत तर विशेष जपावे. कंबोडिया, नेपाळ अशा देशांत अनाथालयांतल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले आहे. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुले तिथे ठेवली जातात. जीव लावणारी माणसे दर महिन्याला बदलत राहिली, तर लहान मुलांच्या मनावर त्याचा वाईट परिणाम होतो. अशा ठिकाणी न जाणे हीच सेवा.

निघण्यापूर्वीची कामे

पहिले काम, स्वतःला विचारा: हे काम मला नागपुरात कोणी करू देईल का? इथे ज्याला सुई टोचायची परवानगी नाही, त्याने परदेशातल्या गरिबाला सुई टोचू नये. शिकवण्याचा अनुभव नसेल तर आधी इथल्या संध्याकाळच्या वर्गात सहा महिने शिकवा.

दुसरे, भाषा. निदान तीन महिने आधी शिकायला लागा. अभिवादन, आकडे, आजाराचे आणि जेवणाचे शब्द यायलाच हवेत.

तिसरे, रंगीत तालीम. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा भागात दोन महिने राहून पाहा. वीज नाही, फोन लागत नाही, ताप आला तर दवाखाना दूर. तिथे मन रमले तर परदेशातही रमेल.

चौथे, कागदपत्रे. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येत नाही, म्हणून कोणता व्हिसा लागेल ते त्या देशाच्या दूतावासाकडूनच जाणून घ्या. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते, मग ते आयुष्यभर चालते. ते नसताना अशा देशातून परत आलात, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आजारपणाचा आणि अपघाताचा विमा न चुकता उतरवा.

पाचवे, फसवणूक ओळखा. थायलंडमध्ये काम देतो असे सांगून आपल्या देशातल्या अनेक तरुणांना म्यानमारमध्ये नेले गेले आणि तिथे त्यांच्याकडून जबरदस्तीने ऑनलाइन फसवणुकीचे काम करून घेतले गेले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने पाचशेहून अधिक जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. स्वयंसेवेच्या नावाखालीही असे जाळे टाकता येते. तिकीट फुकट, मुलाखत नाही, कामाचे ठिकाण मोघम आणि निघण्याची घाई, अशी चिन्हे दिसली तर थांबा. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे अर्जाला पैसे पडत नाहीत, उलट राहण्या-जेवण्यासाठी भत्ता मिळतो. कोणी त्यांच्या नावाने फी मागितली तर ती फसवणूक समजा.

सहावे, आईवडिलांशी बोला. परवानगी हवी एवढ्यासाठी नव्हे. घरात आजारपण आले, मृत्यू झाला, तर आपण काय करणार, हे आधी ठरलेले असावे. कोटणीसांसमोर तो प्रसंग परदेशात असतानाच आला.

पाठिंबा देणाऱ्यांसाठी

तुमच्याकडे वर्गणी मागायला तरुण येईल तेव्हा त्याला चार प्रश्न विचारा. तिथे तुला कोणी बोलावले? किती दिवस राहणार? तिथल्या कोणाचे काम तू हिरावून घेत नाहीस ना? परत आल्यावर काय करणार? उत्तरे नीट मिळाली तर हात आखडता घेऊ नका. मिळाली नाहीत तर त्याला सहा महिन्यांनी पुन्हा यायला सांगा.

आणि परत येणाऱ्याला कमी लेखू नका. पाच डॉक्टरांपैकी चौघे मायदेशी आले. आपले डॉ. चोळकरही आले. परतला म्हणून त्यांनी केलेला प्रवास आणि घेतलेली जोखीम कमी होत नाही. त्या वयात इतकी दूर जाण्याची तयारी दाखवणारा माणूस आपल्या शहरातला होता, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. सेवेचा कालावधी पुरा करून घरी येणे, तिथे शिकलेले इथल्या कामात वापरणे, हेही पाचारणाचेच अंग आहे.

या विषयावर तरुणांशी बोलायला कोणत्याही मंडळीच्या तरुण संघाने बोलावले तर मी आनंदाने येईन. सोबत मेळघाटात दोन वर्षे राहिलेला एखादा कार्यकर्ताही आणीन. खाट बाहेर निघते म्हणजे काय होते, ते तो माझ्यापेक्षा चांगले सांगेल.