डोळ्यास बसलेला मुका मार : उपचार व दृष्टी

मकरसंक्रांतीच्या सुमारास उज्जैनच्या माधव नगरात, किंबहुना साऱ्या माळव्यात, गिल्ली-दांडूचे डाव रंगतात. आपला विटीदांडू तो हाच. खेळ जुना व बिनखर्चाचा. तो बंद करावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु उडालेली विटी डोळ्यावर बसली असता पुष्कळदा बाहेरून जखम दिसत नाही, आणि घरची मंडळी कापडाची ऊब देऊन स्वस्थ राहतात. मुक्या माराचा खरा धोका येथेच आहे.

मोठा चेंडू बहुधा खोबणीच्या हाडावर अडतो. विटी सरळ आत पोहोचते. नेत्रगोल क्षणभर पुढून मागे दबतो व आडवा फुगतो. त्या ताणाने बुबुळामागील रक्तवाहिनी फुटल्यास डोळ्याच्या पुढील भागात रक्त साकळते. ते बहुधा आपोआप शोषले जाते. मात्र पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते. यास्तव उशी उंच करून विश्रांती, डोळ्यावर कठीण कवच, डॉक्टरांनी दिलेले थेंब व नेत्रदाबाची वारंवार तपासणी आवश्यक असते. ॲस्पिरिन देऊ नये. दाब न उतरल्यास शस्त्रक्रियेने रक्त काढावे लागते.

नेत्रगोलच फाटला असल्याची शंका असल्यास डोळा चोळू, दाबू वा धुऊ नये. कवच नसेल तर कागदी पेल्याचा तळ हाडावर टेकवून बांधावा, रुग्णास काही खाऊ-पिऊ न देता मोठ्या रुग्णालयात न्यावे. टाके शक्यतो 24 तासांत पडावेत.

दृष्टी किती परत येईल, हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न. हंगेरीचे डॉ. फेरेन्त्स कून व सहकाऱ्यांनी अडीच हजारांहून अधिक दुखापतींच्या नोंदींवरून 2002 साली एक गुणपद्धती मांडली. तीत मार लागल्यानंतरच्या पहिल्या तपासणीतील दृष्टीला सर्वाधिक महत्त्व आहे. 6/12 वा त्याहून चांगली दृष्टी असल्यास 100 गुण, केवळ उजेड कळत असल्यास 70; नेत्रगोल फाटल्यास 23 व दृष्टिपटल सुटल्यास 11 वजा. म्हणजे उजेडच कळणारा, फाटलेला व पटल सुटलेला डोळा 36 वर येतो, आणि अशा बहुसंख्य डोळ्यांना पुढे उजेडही कळत नाही. उत्तम उपचार मिळूनही मर्यादा राहतात. भारताचा यष्टिरक्षक सबा करीम यास 2000 साली ढाक्यात उजव्या डोळ्यावर चेंडू लागला. त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्याच वर्षी संपली.

उलट, पहिल्या दिवशी स्पष्ट दिसते म्हणून निश्चिंत होणेही बरे नव्हे. दृष्टिपटलाची कड फाटलेली असल्यास ते काही आठवड्यांनी वा महिन्यांनी सुटू शकते. डोळ्यातील पाणी वाहून नेणारा कोन मागे सरकला असल्यास काचबिंदू कित्येक वर्षांनी, कोणतीही वेदना न होता, येतो. म्हणून शिक्षकांनी मार लागलेल्या मुलाचा एकेक डोळा झाकून दृष्टी पाहावी, तारीख लिहून ठेवावी व त्याच दिवशी त्यास नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. दुखणे थांबल्यावरही बाहुली विस्फारून दृष्टिपटल तपासून घ्यावे, आणि नेत्रदाब दरवर्षी मोजावा. मुलगा मोठा होऊन गाव सोडून गेला तरी ही नोंद त्याच्याबरोबर जावी.