साठ माणसांचा हिशेब
व्हिडिओ गेम म्हणजे गोळीबार आणि धावाधाव, असा जो ग्रह आपल्याकडे दृढ झाला आहे, त्याच्या योगाने ल्यूकस पोप यांनी जवळजवळ एकट्याने घडवलेली व २०१८ साली प्रसिद्ध झालेली ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ ही कलाकृती सामान्य वाचकाच्या दृष्टीआडच राहिली, याची मनापासून खंत वाटते. १८०७ साली, बेपत्ता ठरलेले एक व्यापारी जहाज इंग्लंडच्या फाल्मथ बंदराला लागते, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-तपासनीस या नात्याने त्यावरील ६० जणांची नावे व प्रत्येकाची अखेर वहीत नोंदवण्याची कामगिरी आपल्यावर येते. हाती एक अद्भुत घड्याळ असते. ते मृतदेहापाशी उघडताच अखेरचे शब्द कानी पडतात आणि मृत्यूचा क्षण, दोनच रंगांत, स्तब्ध होऊन सभोवार उभा राहतो. खलाशाच्या झुलत्या बिछान्यावरील क्रमांक हजेरीपटाशी ताडून पाहावा, कुणाची बोली, कुणाचा पेहराव ध्यानी ठेवावा, आणि तीन नोंदी बिनचूक जुळल्या म्हणजेच त्या दप्तरी कायम व्हाव्यात, असा येथला रिवाज आहे. विम्याच्या हिशेबात केवळ रक्कम होऊन राहिलेल्या माणसाला त्याचे नाव परत मिळवून देताना जी करुणा मनात दाटून येते, तिच्यासाठी हा खेळ अवश्य खेळावा.