लाल शाई आणि लिंडले मरे

बँकेत अधिकारी झालो तेव्हापासून माझ्या खिशात दोन पेने असत. निळे सह्यांसाठी आणि लाल दुसऱ्यांच्या चुका काढण्यासाठी. १९८७ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी आमच्या शाखेत एक शिपाई होता. त्याने रजेचा अर्ज दिला. मराठीत लिहिला असता तरी चालले असते. पण साहेबांना इंग्रजीतच लिहावे, अशी त्याची समजूत. ‘माय मदर इज इल सिन्स फोर डेज,’ असे त्याने लिहिले होते. मी ‘इज’ खोडले, ‘सिन्स’ खोडले, बाजूला शुद्ध वाक्य लिहिले आणि तेवढ्यावर न थांबता तो अर्ज सगळ्यांना वाचून दाखवला. सगळे हसले. शिपाईही हसला. रजा मी लगेच मंजूर केली. आई कशी आहे, हे विचारायचे मात्र राहून गेले.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण एक जुना व्याकरणकार. निवृत्तीनंतर इंग्रजी कादंबऱ्या पुन्हा सावकाश वाचायला घेतल्या, तर एकच नाव ठिकठिकाणी भेटू लागले. डिकन्सच्या ‘ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’मध्ये मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन भरवणाऱ्या एक बाई आहेत. शाळेतल्या मुली पाहायला येणार म्हणून त्या विदूषकाच्या पुतळ्याचा चेहरा आणि पोशाख बदलतात आणि त्याचा चक्क ‘व्याकरण लिहीत बसलेला लिंडले मरे’ करून टाकतात! जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मधल्या गार्थबाई स्वयंपाकघरात पीठ लाटता लाटता मुलांना शिकवतात, तेही याच मरेचे व्याकरण. मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’मध्ये तर ते देवमाशाच्या शिकारीला निघालेल्या जहाजापर्यंत पोचले आहे. हा मरे होता तरी कोण?

त्याचा जन्म १७४५ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात झाला. घराणे क्वेकर पंथाचे. वडील आधी पिठाची गिरणी चालवत, पुढे न्यूयॉर्कचे बडे व्यापारी झाले. मॅनहॅटनमधला ‘मरे हिल’ हा भाग आजही त्यांचे नाव सांगतो. वडील भारी कडक. त्यांनी केलेली एक शिक्षा जिव्हारी लागून पोरगा घरातून पळाला आणि न्यू जर्सीतल्या एका शाळेत जाऊन दाखल झाला. शाळेतून पळून जाणारी मुले आपण पुष्कळ पाहिली. घरातून पळून शाळेत जाणारा मुलगा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

पुढे तो वकील झाला, मग व्यापारी. चाळिशीच्या आतच पुरेसा पैसा गाठीशी बांधून मोकळा झाला. पण शरीराने दगा दिला. स्नायूंची ताकद जाऊ लागली. हवापालट व्हावा म्हणून १७८४ साली पत्नी हॅना हिच्यासह तो इंग्लंडला गेला आणि यॉर्क शहराजवळच्या होल्गेट या खेड्यात राहिला. बरे वाटले की परतायचे, असा बेत होता. बरे वाटले नाही, परतणेही झाले नाही. आधी चार पावले चालता येत, मग बागेत नि गाडीतून फेरी, आणि अखेरची कित्येक वर्षे घराबाहेर पडणेही बंद. १८२६ साली तो तिथेच वारला.

यॉर्कमध्ये क्वेकर मंडळींची मुलींची एक शाळा होती. तिथल्या तरुण शिक्षिकांना मुलींना व्याकरण शिकवायचे होते. पण त्यांचेच ते पक्के नव्हते. मरे त्यांना घरी बोलावून शिकवू लागला. मग त्यांनीच गळ घातली, की हे सारे लिहून द्या. अशा रीतीने १७९५ साली त्याचे इंग्रजी व्याकरण छापून निघाले. एका शाळेसाठी लिहिलेले पुस्तक बघता बघता अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पसरले. त्याच्या सगळ्या शालेय पुस्तकांच्या मिळून एक कोटीहून अधिक प्रती खपल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या लेखनाची कमाई त्याने दानधर्मात घातली.

त्या व्याकरणाची वाट आपल्या दारापर्यंतही आली आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. ‘मराठीचे पाणिनी’ म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्या पहिल्या व्याकरणाची मांडणी करताना त्यांच्यापुढे नमुना होता तो मरेचा.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मरेने नवे असे फारसे काही सांगितले नाही. बिशप रॉबर्ट लाउथ यांचे १७६२ सालचे व्याकरण आणि इतरांची पुस्तके यांतून त्याने बरेचसे घेतले, आणि आपण संकलक आहोत हे कबूलही केले. दोन नकार एकमेकांना मारतात, हा नियमही मरेचा स्वतःचा नव्हे; त्याने तो घरोघर नेला. चॉसर आणि शेक्सपिअर यांनी बिनदिक्कत वापरलेला दुहेरी नकार त्यामुळे अडाणीपणाची खूण ठरला. नियमाच्या काठीने माणसांची प्रत ठरू लागली. मरेलाही त्या काठीचा प्रसाद मिळाला. त्याच्या मृत्यूनंतर चाळीस-एक वर्षांनी एका गृहस्थाने खुद्द मरेच्या ‘वाईट इंग्रजी’वर आख्खे पुस्तक लिहिले!

पण माझे मन अडकले ते निराळ्याच ठिकाणी. व्याकरणाच्या जोडीला मरेने एक स्वाध्यायमाला काढली. तिच्यात मुद्दाम चुकीची वाक्ये दिलेली, ती शिकणाऱ्याने सुधारायची. १७९७ साली त्याने त्यांची उत्तरेही स्वतंत्र पुस्तकात छापली. ती केवळ मास्तरांसाठी नव्हती. ज्याला शाळा नाही, मास्तर नाही, अशा एकट्या माणसाला स्वतःचा शिक्षक होता यावे, हा हेतू त्याने त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच नोंदवला होता.

म्हणजे चूक ज्याची त्याला, त्याच्या खोलीत, दिव्याखाली कळावी. कोणी हसायला समोर असू नये. खुर्चीला खिळलेल्या आणि स्वतःच्या पायांची लाज रोज सोसणाऱ्या माणसाला हे सुचले असेल, तर नवल नाही. हा माझा तर्क. कादंबरीकाराची खोड म्हणा हवे तर. पण नियम तेच असले, तरी ते कुणाच्या हातात कसे ठेवायचे, याची जाण त्याला होती, एवढे खरे. आम्ही नियम तेवढे उचलले आणि ही जाण यॉर्कलाच राहिली.

त्या शिपायाची आई बरी झाली, हे मला फार उशिरा आणि दुसऱ्याकडून कळले. पुढे तीन-चार महिन्यांनी त्याचा आणखी एक रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. हस्ताक्षर भलत्याचेच होते. त्याने कुणाकडून तरी लिहवून घेतला होता. इंग्रजी निर्दोष होते. एकही चूक नव्हती. खाली फक्त सही त्याची होती, आणि तो माझ्याकडे न बघता उभा होता.